उशीखालचा आवाज

जिन्याखालच्या कोनाड्यातून टूं... टूं... असा बारीक आवाज येत होता, पण शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून आल्यासारखा. दुपारचे तीन वाजले असतील. वीज गेलेली, बाहेर श्रावणातली झड, आणि बोटीवरून घरी येऊन मला चारच दिवस झालेले. अजून दिवसा झोप यायची आणि रात्री दोनला टक्क डोळे उघडायचे. आवाजाच्या मागावर कोनाड्यापाशी गेलो, तर इन्व्हर्टरवर आईने तिची जुनी उशी ठेवलेली. उशीवर गोधडीची चौपदरी घडी. दोन्ही उचलल्याबरोबर आवाज एकदम अंगावर आला आणि मागे लाल दिवा दिसला. "हे कोणी ठेवलं?" म्हणून विचारलं, तर आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "मीच. लई वरडतंय ते. वीज गेली की सुरू. आठ दिवस झालं." मग जरा थांबून, "उशी ठेवली की गप बसतंय."

मी चिडलो. चांगलाच आवाज चढवून बोललो. आग लागली असती, हवा खेळायला नको का, तो ओरडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय ना, असं बरंच काही. चौऱ्याहत्तर वर्षांची आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली आणि ऐकून घेतलं. काही बोलली नाही. तेवढ्यात वीज आली, इन्व्हर्टर गप्प झाला, हिरवा दिवा लागला, आणि ती चहा टाकायला आत गेली. चहा नेहमीसारखाच झाला होता. पण माझ्या घशाखाली नीट उतरेना. कारण आवाजावर उशी ठेवणं म्हणजे काय, हे त्या घरात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी तेच केलं होतं. भर समुद्रात, लागोपाठ तीन पहाटा.

मी जहाजावर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आहे. आपल्याकडच्या खलाशांच्या बोलीत बत्ती साब. मोटारींपासून क्रेनपर्यंत आणि गॅलीतल्या ओव्हनपासून, जिथून जहाज हाकतात त्या ब्रिजवरच्या यंत्रांपर्यंत जिथे वीज जाते तिथे बत्ती साब जातो. पूर्वी रेडिओचं सगळं बघायला वेगळा रेडिओ ऑफिसर असायचा. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे संकटात मदत मागायची जगभरची रेडिओ-उपग्रह व्यवस्था, पूर्णपणे लागू झाली, मोर्सची गरज संपली, आणि हळूहळू तो माणूस जहाजांवरून नाहीसा झाला. त्याची कपाटं, त्याच्या अँटेना, त्याचे अलार्म आमच्या गळ्यात आले. मागाहून त्यांत एआयएसची भर पडली. ब्रिजवर एका बाजूला बसवलेली, शाळेच्या डब्यापेक्षा थोडी मोठी पेटी. आपण कोण, कुठे आहोत, कुठल्या दिशेला किती वेगाने चाललोय, हे ती आजूबाजूच्या सगळ्या जहाजांना अखंड सांगत असते. नांगरावर असलं तर दर ३ मिनिटांनी, चालू लागलं की वेगाप्रमाणे २ ते १० सेकंदांनी. ताकद अवघी १२.५ वॉट, म्हणजे घरातल्या एलईडी बल्बाएवढी. आणि तरी वीस-पंचवीस मैलांवरच्या जहाजाच्या पडद्यावर तुमचं नाव उमटतं.

ह्या यंत्राची एक गोष्ट मला पहिल्यापासून फार आवडते. एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात, आणि प्रत्येक जहाज बोलता बोलता सांगून ठेवतं की पुढच्या वेळी मी अमुक तुकड्यात बोलणार आहे. बाकीचे ती जागा सोडतात. पंगतीत पुढच्या वेळचा आपला पाट आधीच सांगून ठेवावा, तसं. वाढपी नाही, यजमान नाही, कोणी रांग लावत नाही, आणि तरी एकमेकांच्या ताटात कोणाचा हात जात नाही. सामुद्रधुनीत शेकडो जहाजं एकाच वेळी हे करत असतात. रात्री ब्रिजवर उभा राहून पडद्यावरचे ते बारीक त्रिकोण बघताना मला आजही भरून येतं.

काही वर्षांपूर्वी आमचं जहाज विशाखापट्टणमहून सिंगापूरकडे निघालं होतं. पहिल्या पहाटे, बड्या मालमच्या, म्हणजे चीफ ऑफिसरच्या, चार ते आठच्या वॉचमध्ये, एआयएसचा अलार्म वाजला. पडद्यावर क्रमांक ००२, अँटेना व्हीएसडब्ल्यूआर मर्यादेबाहेर. त्यांनी मला फोन केला. आदल्या रात्री एका पंपाच्या स्टार्टरशी झटापट करून मी दोन वाजता झोपलो होतो. "साब, ॲक करा, सकाळी बघतो," म्हणालो. ॲकचं बटण दाबलं की आवाज थांबतो. यंत्राच्या भाषेत त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच. यादीतली ओळ तिथेच राहते, चिन्ह तिथेच राहतं. आठ वाजता वर गेलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि अलार्म आपणहून गेला होता. पडद्यावर जहाजं दिसत होती. बरं चाललंय म्हणून मी खाली आलो. दुसऱ्या पहाटे तेच. तिसऱ्या पहाटे तर मला उठवलंही नाही, परस्पर ॲक करून टाकलं, आणि मला त्याचं बरंच वाटलं. हे लिहितानाही हात जड होतोय, पण वाटलं होतं हे खरं आहे.

चौथ्या पहाटे आम्ही मलाक्का सामुद्रधुनीच्या तोंडाशी होतो. वाहतूक दाटायला लागली होती. मागून एक मोठं कंटेनर जहाज येत होतं आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर कोणालातरी हाका मारत होतं. 'माझ्या डाव्या पुढच्या अंगाला, चार मैलांवर असलेलं जहाज.' एकदा, दोनदा, तीनदा. बडे मालम ते ऐकत होते आणि कोण उत्तर देत नाहीये म्हणून दुर्बिणीतून बघत होते. चौथ्या हाकेला त्यांच्या लक्षात आलं की ते जहाज आपणच आहोत. एआयएस आल्यापासून समुद्रावर कोणी असं बोलावत नाही. नावाने बोलावतात. पडद्यावर नाव वाचतात आणि हाक मारतात. त्या माणसाच्या पडद्यावर आम्हाला नावच नव्हतं. रडारवर एक ठिपका होता, तेवढंच.

नंतर मालम मला म्हणाले, "बत्ती साब, गल्लीत इतकी वर्षं राहून कोणी 'ओ, निळ्या शर्टवाले' म्हणावं ना, तसं वाटलं."

माझ्या पोटात खड्डा पडला तो वेगळ्या कारणाने. मला बाबा आठवले.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दहा बाय आठची जागा. राळेचा धूर, तापलेल्या धुळीचा वास, आणि फळीवर एकावर एक रचलेले, पोटं उघडी टाकलेले सेट. कागल, पन्हाळा, राधानगरीकडून माणसं पोत्यात गुंडाळून रेडिओ आणायची. बहुतेकांचं सांगणं एकच, "दिवा लागतोय, पण बोलत न्हाई." दिवा लागतोय म्हणजे रेडिओ जिवंत आहे, अशी त्यांची समजूत. बाबा प्रत्येकाला तेच समजावून सांगायचे आणि कधी कंटाळायचे नाहीत. व्हॉल्व्हच्या रेडिओत डायलचा दिवा ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या वेढ्यावर असतो. तेवढा वेढा शाबूत असला की दिवा लागणार, मग पुढे आउटपुटचा व्हॉल्व्ह मेलेला असो की स्पीकरची तार तुटलेली असो. "दिवा लागला म्हंजे दिव्याला वीज मिळाली, एवढंच. दिवा दिव्यापुरतं बोलतोय. सेट बोलतोय का, ते ऐकणाऱ्याला इचार."

आणि ते खरोखर विचारायचे. गणपतीच्या आधी पेठांतल्या तालमींचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला यायचे. काम झालं, दिवा लागला, काटा हलायला लागला, तरी बाबा पैसे घ्यायचे नाहीत. दुकानाच्या दारात कर्णा लावायचा आणि मला पिटाळायचे, "जा, कोपऱ्यावर जाऊन ऐक. शब्द कळला तर हात वर कर, नुसता आवाज आला तर करू नको." मी धावत बोळाच्या टोकाला जायचो, सायकलींच्या घंटा, भांडी, ओरडाआरडा ह्यांतून कान लावायचो, आणि हात वर करायचो किंवा करायचो नाही. नऊ-दहा वर्षांचा असेन. माझ्या वर केलेल्या हाताशिवाय एवढा मोठा ॲम्प्लिफायर दुकानाबाहेर पडत नसे, ह्याचा मला केवढा अभिमान होता. रेडिओचंही तसंच. सांगलीचं केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लागलं की सेट समोरच्या शिंप्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहू द्यायचे. शिंपी म्हणाला 'बरा हाय', तर बरा.

त्या मुलाने मोठा होऊन तीन दिवस पडद्यावर जहाजं दिसतायत म्हणून समाधान मानलं होतं.

मी वर गेलो आणि ह्या वेळी अलार्मची यादी नीट वाचली. त्यात जे होतं त्यापेक्षा जे नव्हतं ते आधी बघितलं. ००१ नव्हता, म्हणजे ट्रान्समीटर स्वतः धड होता. ०२५ नव्हता आणि ०२६ नव्हता, म्हणजे जीपीएसकडून जागा मिळत होती. ०३२ नव्हता, म्हणजे जायरोकडून दिशा येत होती. पेटी आपल्या परीने सगळं करत होती. ००२ आला तरी ती बोलणं थांबवत नाही, बोलतच राहते. फक्त ते बोलणं अँटेनापर्यंत पोचत नव्हतं. मग पडद्याकडे पुन्हा बघितलं आणि जे तीन दिवस समोर असून दिसलं नव्हतं ते दिसलं: सगळ्यात लांबचं जहाज सात मैलांवर होतं. बंगालच्या उपसागरात गर्दीच नव्हती, त्यामुळे लांबचे त्रिकोण गायब झालेत हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. जवळची जहाजं तेवढी तुटक्या तारेतूनही ऐकू येत होती.

व्हीएसडब्ल्यूआर म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला समजवायला मला एक मिनिट लागतं. नरसोबाच्या वाडीला आपली पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की ती पंचगंगेचं पाणी घेत नाही, आणि मग ते मागे मागे चढत राहतं. आपण त्याला फुगवटा म्हणतो. केबलमधून वर निघालेल्या लहरीचं तेच होतं. अँटेनाच्या तोंडाशी वाट नीट असली तर ती हवेत जाते. सांधा बिघडला तर तिथून उलटी फिरते आणि पेटीकडे परत येते. अलार्म त्या फुगवट्याचा असतो. फुगवटा कुठे अडलाय, ते मात्र तो सांगत नाही.

पेटीमागची केबल काढून तिथे अँटेनाऐवजी लहर गिळून टाकणारा ५० ओहमचा डमी लोड लावला. अलार्म गेला. पेटी निर्दोष. मग दोन्ही रडार बंद करवून, स्विचवर पाटी लावून, मंकी आयलंडवर, म्हणजे ब्रिजच्या छतावर चढलो. सकाळचे सात, लोखंडी कठड्यावर दवाचा आणि मिठाचा चिकट थर. अँटेनाच्या बुडाशी कनेक्टरवर काळी टेप गुंडाळलेली होती, वरून बघता अगदी व्यवस्थित. सुरीने चिरली, तर आतून गोमूत्रासारखं पिवळट पाणी चमचाभर बाहेर आलं. कनेक्टर फिरवून उघडला. मधल्या पिनेवर हिरवागार कळंक. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं तर चढतो, अगदी तोच रंग, तोच खरखरीतपणा. रात्री दव पडून तो ओला झाला की लहर उलटी फिरायची, ऊन चढून वाळला की थोडी पुढे सरकायची. म्हणून अलार्म पहाटेचा. केबलची जाळी आतपर्यंत काळी पडली होती. थोडं थोडं कापत गेलो. तांबं लखलखीत दिसायला जवळजवळ दीड फूट केबल गेली.

नवा कनेक्टर लावला. भर वाऱ्यात डाग देणं म्हणजे परीक्षाच, एका खलाशाने अंगावरचं जॅकेट काढून आडोसा धरला. टेप गुंडाळताना खालून वर गेलो, कौलं चढवतात तशी, प्रत्येक वेढा खालच्यावर अर्धा. आधीच्याने वरून खाली गुंडाळली होती. प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून पावसाला आत घेत होती. एवढ्याशा उलट्या हाताने एका जहाजाचं नाव समुद्रावरून पुसलं गेलं होतं.

खाली आलो. ००२ नव्हता. सगळं हिरवं. लहान होड्यांवरच्या एआयएसला तर पडदाही नसतो, नुसते दिवे असतात. हिरवा म्हणजे चाललंय, लाल म्हणजे बिघाड, आणि पिवळा म्हणजे अजून बोललो नाही, जागा कळायची वाट बघतोय. मला तो पिवळा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. हिरव्याबद्दल माझं मत त्या दिवशी कायमचं बदललं. बड्या मालमना म्हणालो, "साब, कोणालातरी विचारा." समोरून दहा-बारा मैलांवर एक टँकर येत होता. मालमनी त्याला बोलावून दुसऱ्या चॅनेलवर घेतलं आणि विचारलं, आम्ही तुमच्या एआयएसवर दिसतोय का? दोन-तीन सेकंद नुसती खरखर. मग एका अनोळखी माणसाने, कुठल्यातरी लांबच्या देशाच्या उच्चारात, आमच्या जहाजाचं नाव एकेक अक्षर सुटं करून वाचलं. मग ४१९ पासून सुरू होणारे नऊ आकडे. ४१९ म्हणजे भारत. मग आमचा वेग. मग म्हणाला, अगदी स्वच्छ दिसताय, शुभ प्रवास.

बोळाच्या टोकाला कोणीतरी हात वर केला होता.

त्यानंतर एक सवय लागली, ती फक्त जहाजापुरती राहिली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी समुद्रात होतो. आमचं घर शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ. सॅटेलाइट फोनवरून आईला विचारलं तर म्हणाली, "हितं काय न्हाई. पाऊस हाय, पावसाळ्यात पडतोयच की. तू जेवलास का?" हिरवा दिवा. फोन ठेवला आणि लगेच समोरच्या काकूंना लावला. काकू म्हणाल्या, "आरं, तुमच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागलंय. तुझी आई गॅसची टाकी वर न्यायला लागलीय एकटीच." तासाभरात मावसभावाने येऊन तिला रुईकर कॉलनीच्या अलीकडे बहिणीकडे नेलं. पाणी पुढे ५५ फुटांच्या वर गेलं. आई अजून म्हणते, काकूंनी उगाच तुझ्या जिवाला घोर लावला. ती खोटं बोलत होती असं मला कधीच वाटलं नाही. तिच्या आतलं सगळं खरंच ठीक होतं. पाणी बाहेर होतं.

तर तो इन्व्हर्टर. चहानंतर मी कोनाड्यात बसलो. बॅटरीवरचं मेणकापड काढलं आणि हसू यावं की रडू, कळेना. धन बाजूच्या क्लॅम्पवर निळसर हिरवा, पांढरट कळंक, बोटभर जाड. पाण्याच्या दर्शकांतले दोन तळाला. आईकडून खायचा सोडा मागितला, गरम पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासलं. फसफसून सगळं उतरलं, खालून धातू दिसला. डिस्टिल्ड वॉटर आणून भरलं, क्लॅम्प आवळला, वर पेट्रोलियम जेली चोपडली. आई शेजारी पाटावर बसून बॅटरी धरून होती, म्हणजे हातातली, उजेडाची. मध्येच म्हणाली, "तू दुपारी झोपतोस ना. रातभर जागा असतोस. त्या वरडण्यानं तू उठशील म्हणून आल्यापासनं गोधडीबी घातली. आधी नुसती उशीच हुती."

मी घासत राहिलो.

रात्री जेवणं झाल्यावर मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरने टक् करून भार घेतला, आवाज नाही, दिवा हिरवा. मी कोनाड्यातच उभा होतो. तिथून आईची खोली दिसत नाही.

"आई, तिथला दिवा लागला का?"

"लागला."

"पंखा?"

"फिरतोय." मग थोड्या वेळाने, "पर हळू फिरतोय."

"आत्ता हळू झाला?"

"न्हाई रे. मेन लाइटीवरबी हळूच असतोय. झालं की पंधरा-वीस दिवस. सांगणारच होते तुला."

टेस्टर खिशात होताच. मी स्टूल घेऊन तिच्या खोलीत गेलो.